उठाव

एक तरुण योद्धा बेटावर उतरतो आणि ज्या होडीतून आला तीच होडी मागे समुद्रात लोटून देतो. बेटावर द्वंद्व व्हायचे आहे. आले आहेत दोघे, परत जाणार एकच. मग दोन होड्या हव्यात कशाला? मध्ययुगीन युरोपच्या दरबारांतून पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेलेल्या त्रिस्तानच्या कथेतला हा प्रसंग. शब्दांत वाचला तर तो एका ओळीत संपतो. पण सहाशे वर्षांपूर्वी सिसिलीत कुणीतरी तो एका पांघरुणाच्या कापडात कापूस भरून उठवून ठेवला आहे, आणि तिथे तो संपत नाही. होडी अजून लोटली जाते आहे.

हे पांघरूण आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. १३६० ते १४०० या काळातले. लांबीरुंदीला साधारण तीन मीटर, म्हणजे मोठा पलंग झाकून चहूबाजूंनी खाली लोंबेल एवढे. युरोपात आज शिल्लक असलेल्या अगदी जुन्या पांघरुणांत त्याची गणना होते. त्याचेच म्हणावे असे एक भावंड फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात आहे, आणि दोन्ही मिळून मुळात एकच पांघरूण होते की ती जोडी होती, यावर अभ्यासकांचा वाद आहे. त्या वादात मी पडत नाही. मला बोलायचे आहे ते लंडनच्या कापडाबद्दल, आणि त्यातही ते काय सांगते यापेक्षा ते कसे सांगते याबद्दल.

सामग्री पाहिली तर थक्क व्हायला होते, इतकी ती थोडी आहे. जवसाच्या तंतूंचे, म्हणजे लिननचे, पांढरे कापड, आता पिवळसर झालेले. त्याचे दोन थर. लिननचाच दोरा, तपकिरी आणि पांढरा. आणि कापूस. रेशीम नाही, जर नाही, मोती नाहीत. तपकिरी दोऱ्याची रेघ सोडली तर रंगही नाही. एवढ्यावर राजे, दूत, घोडे, गलबते, तटबंदीची शहरे, द्वंद्वयुद्ध आणि दगा असे चौदा प्रसंग उभे केले आहेत, आणि मधल्या रिकाम्या जागांत पानांच्या डहाळ्या पसरल्या आहेत.

हे काम कसे होते ते समजून घेतल्याशिवाय त्यातली गंमत कळायची नाही. आपल्या गोधडीत कापूस नसतो. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक ठेवायचे आणि धावदोरा घालत जायचे. टाक्याचे काम थर धरून ठेवण्याचे. दुलईत कापूस असतो, पण तो सगळीकडे सारखा. तिथला टाका कापसाला एका कोपऱ्यात गोळा होऊ देत नाही. या सिसिलियन कामात कापूस फक्त चित्रात असतो. दोन कापडे एकमेकांवर ठेवून आरपार टीप घालायची आणि आकृतीची बाह्यरेषा शिवायची. शिवून झाली की घोड्याचा पाय, राजाचे नाक, झाडाचे पान, प्रत्येक गोष्ट म्हणजे तोंड बंद असलेली एकेक इवलीशी पिशवी होते. मग कापड पालथे करायचे. मागच्या कापडाच्या विणीतले धागे बोथट टोकाने जरासे बाजूला सारायचे, त्या फटीतून कापसाची चिमूट आत सरकवायची, मग दुसरी, मग तिसरी. पिशवी भरली की सारलेले धागे परत जागेवर आणायचे. इटालियन भाषेत या कामाला त्रापुंतो म्हणतात. टोचण्याच्या क्रियापदावरून आलेला शब्द. मला मात्र वाटते, आपला भरतकाम हा शब्द या कामाला अधिक शोभतो. इतरत्र भरतकामात आकृती दोऱ्याने भरून काढतात. इथे खरोखरच आत काहीतरी भरले जाते.

उठावाचे काम आपल्याला अनोळखी नाही. जरदोजीत पुठ्ठ्याची किंवा सुताची गादी कापडावर ठेवून तिच्यावरून तार नेतात. गणवेशावरचे जाडजूड बिल्ले आपण पाहिलेले असतात. पण तिथे उठाव कापडावर बसवलेला असतो. काढून घेतला तर कापड खाली तसेच्या तसे राहील. त्रापुंतोत उठाव कापडाच्या पोटातून येतो. वरचे कापड अखंडच असते, फक्त त्याला आतून श्वास भरल्यासारखा होतो.

समजावे म्हणून मी मांजरपाटाच्या दोन तुकड्यांवर एक पान करून पाहिले. पहिल्यांदा कापूस भरपूर कोंबला. पान फुगले, पण भोवतीचे कापड चुणले आणि सगळा तुकडाच वाकडा झाला. दुसऱ्या वेळी कापूस निम्मा केला आणि बाह्यरेषेची टीप बारीक घातली, मधल्या शिरेलाही टीप दिली. पान निम्म्याच कापसात पहिल्यापेक्षा उंच दिसू लागले. तेव्हा लक्षात आले, उंची कापसात नसते. ती टाक्यांनी दाबलेल्या कडेत असते. आकृतीभोवतीचे कापड जितके घट्ट खाली बसेल, तितकी आकृती वर येते. या कारागिरांना हे नेमके ठाऊक होते. त्यांच्या राजांच्या चेहऱ्यांत कापूस फार नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंना, भुवईखाली, दाढीच्या बटांमधून टीप अशी फिरवली आहे की गाल आपोआप गाल होतो.

म्हणून या चित्राची शाई म्हणजे सावली. समोरून लख्ख उजेड टाकला तर चित्र फिके पडते. उजेड बाजूने, तिरपा आला की प्रत्येक टाक्याच्या खोबणीत सावली साठते आणि घोडे हलू लागतात. हे पांघरूण शिवले गेले तेव्हा रात्री खोलीत समई नसेल, पण तेलाचा दिवा किंवा मेणबत्ती असणार. पलंगाच्या एका अंगाला, खालच्या उंचीवर, हलणाऱ्या ज्योतीची. त्या उजेडात समुद्राच्या लाटा आणि गलबतांच्या फळ्या कशा दिसत असतील याची कल्पना संग्रहालयाच्या स्थिर प्रकाशात पूर्ण येत नाही. आणि दिवा मालवल्यावरही चित्र संपत नाही, हे या कलेचे वेगळेपण. भिंतीवरचे चित्र अंधारात नाहीसे होते. हे हाताला लागते. झोप न लागलेल्या माणसाला बोटांनी गोष्ट चाचपता येईल अशी चित्रे किती असतात?

आता कथेकडे. प्रसंगाच्या माथ्यावर सिसिलियन बोलीत एकेक ओळ शिवली आहे, आणि एक सोडून बाकी सगळ्या ओळी एकाच शब्दाने सुरू होतात: 'कोमु'. म्हणजे 'कसा', 'कसे'. कसा राजा लांग्विस (आयर्लंडचा) खंडणीसाठी माणसे पाठवतो. कसे दूत सात वर्षांची खंडणी मागायला (कॉर्नवॉलच्या) राजा मार्कुकडे आले. कसा त्रिस्तान होडी मागे समुद्रात लोटतो. मध्ययुगीन चित्रांखाली अशी सुरुवात नेहमीचीच, पण इथे तिला वेगळे वजन येते. व्याकरणाने पाहिले तर ही वाक्ये अपुरी आहेत. 'कसा लोटतो' म्हटल्यावर ऐकणारा विचारणार, 'कसा?' उत्तर ओळीत नाही, ओळीखालच्या कापसात आहे. शब्द प्रश्न करून थांबतात आणि आकृती त्यांना पुरे करते. कीर्तनकार 'कसा आला म्हणता?' असे म्हणून क्षणभर थांबतो, ती जागा इथे शिवून ठेवली आहे.

एका ओळीत आकडा आहे. आयर्लंडचा महावीर आमोरोल्दु (फ्रेंच-इंग्रजी कथांतला मोरहोल्ट तो हाच) चाळीस गलबते घेऊन कॉर्नवॉलला आला. चाळीस हा आकडा रोमन दहाची फुली चार वेळा मांडून लिहिला आहे. चाळीस गलबते त्या चौकटीत मावणार नव्हती; आरमाराचा विस्तार चार फुल्यांनी सांभाळला, आणि सुईने आपले सगळे लक्ष दिले ते शिडाकडे, फळ्यांकडे, आत दाटीने बसलेल्या माणसांकडे. काय आकड्यावर सोडायचे आणि काय भरून दाखवायचे, ही निवड मला कुठल्याही चांगल्या कथालेखकाच्या निवडीइतकी पक्की वाटते.

मी या ओळी पुन्हा पुन्हा मोजल्या तेव्हा एक गोष्ट दिसली. चौदांपैकी पाचच ओळींत त्रिस्तानचे नाव आहे. आमोरोल्दुचे नाव जवळजवळ दुप्पट वेळा येते. निम्मे पांघरूण नायक रणात उतरण्यापूर्वीच्या गोष्टींनी भरले आहे: राजा खंडणी मागतो, दूत येतात, राजा फौजेला निघायचा हुकूम देतो, आमोरोल्दु दवंडी पिटवतो, माणसे पगारावर घेतो, कूच करतो, येऊन पोहोचतो. कथेच्या घाईत असलेल्याला हे रेंगाळणे वाटेल. मला सुरुवातीला वाटलेच. हुकूम, दवंडी, भरती, कूच यांचे चार वेगवेगळे प्रसंग कशाला? एकात भागले नसते?

नसते. कारण ही कथा पराक्रमाची होण्याआधी खंडणीची आहे. चौथाई आणि खंडणीचे हिशेब ज्यांच्या इतिहासात पानोपानी आहेत त्या आपल्याला हे लवकर कळावे. खंडणी म्हणजे नुसती रक्कम नसते. तिच्यामागे एक यंत्र असते. मागणीचे पत्र, दाराशी येऊन उभे राहिलेले दूत, चौकात वाजणारा ढोल, पगारी सैनिकांच्या रांगा, क्षितिजावरची शिडे. देणाऱ्याच्या मनावर प्रत्येक पायरी वेगळी येऊन आदळते. पांघरुणाने ते यंत्र पायरी पायरीने उभे केले आहे आणि सात वर्षांची थकबाकी हा तपशील विसरलेला नाही. एवढे ओझे साचल्यावर जेव्हा एक तरुण पुढे होऊन आपला हातमोजा आमोरोल्दुच्या हाती देतो, म्हणजे लढाईचा विडा उचलतो, तेव्हा त्या चिमुकल्या फुगीर मोज्याला केवढे वजन येते! सगळ्या पांघरुणात मला कुठली एक वस्तू निवडायला सांगितली तर मी तो मोजा निवडीन.

आपल्या भाषेत 'उठाव' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कापडावर, दगडावर, धातूवर आकृती वर येते तो उठाव. आणि दबलेली माणसे उभी राहतात तोही उठाव. सिसिलियन बोलीत हा श्लेष आहे की नाही, त्याने फरक पडत नाही. सिसिली बेटाला दुसरा उठाव चांगलाच ठाऊक होता. १२८२ मध्ये ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सायंप्रार्थनेच्या वेळी, पालेर्मोतले लोक आंजू घराण्याच्या फ्रेंच राजवटीवर उलटले. जाचक कर हे त्याचे एक मोठे कारण. त्या घराण्याच्या चार्ल्स राजाने कॉन्स्टँटिनोपलवरच्या स्वारीसाठी मेसिनाच्या बंदरात जमवलेले आरमार बंडवाल्यांनी पेटवून दिले. त्यातून सुरू झालेले युद्ध वीस वर्षे चालले. पांघरूण शिवले गेले ते त्यानंतर तीन-चार पिढ्यांनी. ते बंड या कापडावर चितारले आहे असे मी म्हणत नाही. पण समुद्रापलीकडच्या राजाची खंडणी, बंदराकडे येणारी गलबते, आणि 'देणार नाही' म्हणणारा एक माणूस, ही गोष्ट सिसिलीत शिवणाऱ्या हातांना परकी नव्हती, असे मात्र मी म्हणेन. दाबलेल्या कडांमुळे आकृती वर येते हे त्यांना सुईने शिकवले होते आणि आजोबा-पणजोबांनीही सांगितले असेल.

त्रिस्तानचे नाव घेतले की कुणालाही इसोल्ट आठवते. प्रेमाचा प्याला, चुकून प्यालेले दोघे, मार्कु राजाची वाग्दत्त वधू आणि त्याच राजाचा भाचा त्रिस्तान. या पांघरुणावर इसोल्ट नाही. प्याला नाही. प्रेमाची कथा म्हणून जगाला माहीत असलेली कथा, आणि तीही पलंगावर घालायच्या वस्त्रावर, पण प्रेम वगळून! त्रिस्तानच्या ढालीवर तीन शिंगे आहेत, शिकारीत वाजवायची. हे फ्लॉरेन्सच्या ग्विच्चार्दिनी घराण्याचे चिन्ह. त्यावरून १३९५ च्या सुमाराचा पिएरो ग्विच्चार्दिनी आणि लाउदोमिया अच्चाइउओली यांचा विवाह हे निमित्त असावे, असा तर्क अभ्यासकांनी फार पूर्वी मांडला. हा तर्क धरून चालले तर वगळण्याचे कारण सरळ दिसते. रुखवतात नळ-दमयंती मांडतील; ज्या कथेचा शेवट दोघांच्या मरणात आहे, आणि जिच्यात बायको दुसऱ्याची आहे, ती नवविवाहितांच्या अंगावर कोण घालील? म्हणून नवऱ्या मुलाच्या घराण्याची शिंगे त्रिस्तानच्या ढालीवर आली आणि गोष्ट बेटावरच्या द्वंद्वाशी थांबली.

पण ती जिथे थांबते ती जागा फार विचार करून निवडलेली आहे. त्रिस्तान आमोरोल्दुच्या डोक्यावर घाव घालतो. दुसऱ्या एका चौकटीत आमोरोल्दु त्रिस्तानला दगा देऊन जखमी करतो. कथा जाणणाऱ्याला माहीत असते की ती जखम विषारी आहे, ती भरावी म्हणून त्रिस्तान आयर्लंडला जाईल, आणि तिथे त्याच्यावर उपचार करील ती इसोल्ट. म्हणजे या पांघरुणाची शेवटची जखम हे प्रेमकथेचे दार आहे. दार शिवले आहे. आतले काही शिवलेले नाही. ते पांघरुणाखाली झोपणाऱ्या दोघांवर सोपवले आहे. एक चौकट निव्वळ शहराची आहे आणि तिच्यावरची ओळ तेवढी 'कोमु'ने सुरू होत नाही. तिथे फक्त नाव आहे: आयर्लंडचे शहर. 'कसे' नाही, क्रिया नाही, कुणी काही करत नाही. तटबंदी वाट पाहत उभी आहे.

वाट पाहण्याची आणखी एक चौकट आहे. आमोरोल्दुकडचे माणूस आपल्या धन्याची वाट पाहते आहे. धनी परत येणार, पण डोक्यात घाव घेऊन. विजयाच्या चित्रमालेत शत्रूच्या नोकराला जागा द्यायचे काही कारण नव्हते. ती दिली, आणि त्याला तेवढाच कापूस भरला जेवढा राजांना भरला. या एका चौकटीसाठी मी या कामाला नुसते कौशल्याचे म्हणणार नाही, कवितेचे म्हणेन.

दोष आहेत. प्रसंग कथेच्या क्रमाने सरळ लागत नाहीत, नजर इकडून तिकडे उडवावी लागते, आणि अनोळखी माणूस ओळी वाचल्याशिवाय गोंधळतो. पानांची दाटी काही ठिकाणी माणसांवर चढते. घोड्यांना डौल आहे, पण गती नेहमीच नाही. पुढे १७ व्या आणि १८ व्या शतकांत मार्सेल आणि प्रोव्हान्समधल्या बायकांनी पांढऱ्यावर पांढरे असे जे भरीव काम केले ते याहून कितीतरी नाजूक आहे. त्यातल्या फुलांच्या नळ्या दोरीइतक्या बारीक. पण त्या फुलांना सांगायचे फार थोडे आहे.

कापसाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिसिलीत कापूस रुजवला अरबांनी. त्यांचा शब्द 'कुत्न', त्यावरून इटालियन 'कोतोने' आणि इंग्रजी 'कॉटन'. अरबांपर्यंत हे पीक आणि त्याची सुतकताई पूर्वेकडून, आपल्या उपखंडाच्या बाजूने गेली. आणि त्याच अरबी शब्दावरून युरोपातल्या एका पोशाखाला नाव पडले, 'आकेतोन': कापूस भरून, ओळीने टीप मारून केलेला जाड अंगरखा, जो योद्धे चिलखताखाली किंवा चिलखताऐवजी घालत. तलवारीचा घाव त्याच्यात मुरत असे. म्हणजे पांघरुणावरचे हे दोन वीर ज्या कापसाने भरले आहेत, त्याच कापसाच्या भरवशावर त्यांच्या काळचे खरे वीर रणात उतरत होते. ज्या हातांना पांघरूण भरता येत होते, त्यांना अंगरखाही भरता येत असणार. मग बेटावर उभ्या त्या दोघांच्या छातीचा फुगवटा पाहताना कळत नाही की हे शरीर आहे, कपडा आहे की कवच. तिन्ही एकाच चिमटीतून आले आहेत.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या संकेतस्थळावर या पांघरुणाची छायाचित्रे कुणालाही पाहता येतात. संग्रह क्रमांक १३९१-१९०४; पुढचा आकडा नोंदीचा, मागचा ते संग्रहालयात आले त्या वर्षाचा. पाहाल तेव्हा आधी सगळे कापड पाहू नका. होडीची चौकट शोधा, ती पडद्यावर मोठी करा, आणि त्रिस्तानचा हात होडीला जिथे टेकतो त्या जागेभोवतीची टीप नीट पाहा.